'माबोरोशी' पाहण्याआधी आणि पाहिल्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिरोकाझु कोरेएदा यांचा 'माबोरोशी' हा १९९५ चा जपानी चित्रपट आम्ही किनाऱ्यावरच्या वाड्यांमध्ये दाखवतो. बहुतेकदा जून-जुलैमध्ये, मासेमारी बंद आणि होड्या वर काढलेल्या असतात तेव्हा. नंतर व्हॉट्सअॅपवर तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न ९ आणि १० मध्ये शेवट उघड होतो. ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांनी ते दोन गाळावेत.

१. गोष्ट काय आहे? थोडक्यात सांगा, म्हणजे घरच्यांना विचारता येईल.

युमिको आणि इकुओ हे ओसाकाकडच्या दाट वस्तीत राहणारं तरुण जोडपं. पैसा कमी, हसणं भरपूर, तीन महिन्यांचा मुलगा. एके दिवशी इकुओ घरी येऊन छत्री घेऊन जातो आणि रात्री पोलीस येतात. तो रेल्वेच्या रुळांवरून चालत होता, मागून गाडी आली, शिट्टी वाजली, तो वळला नाही. चिठ्ठी वगैरे काही नाही. काही वर्षांनी शेजारीण युमिकोचं लग्न जुळवते आणि ती मुलाला घेऊन नोतो द्वीपकल्पावरच्या मच्छीमारांच्या खेड्यात येते. नवा नवरा तामिओ विधुर आहे, त्याला एक मुलगी आहे, घरात म्हातारा सासरा आहे. माणसं चांगली आहेत. प्रश्न मात्र ती ओसाकाहून सोबत घेऊन आलेली असते.

आत्महत्येचा विषय आहे हे घरच्यांना आधीच सांगा. त्याबद्दल प्रश्न १२ जरूर वाचा.

२. जपानी येत नाही, इंग्रजी सबटायटल भरभर वाचता येत नाहीत. तरी यायचं का?

या. बोलणं मुळातच थोडं आहे आणि जे आहे तेही बरंचसं जेवण, हवा, मुलं यांबद्दल. सुरू करण्याआधी आम्ही पाच मिनिटांत कोण कोणाचं हे मराठीत सांगतो, तेवढं पुरतं. शेजारी बसून कानात अर्थ सांगणारा भाचा मात्र नको. या चित्रपटात गाडीचा आवाज, छोटी घंटा आणि समुद्र यांना संवादाइतकंच काम आहे आणि कुजबुजीत ते बुडून जातं.

३. एवढा काळोख का? तुमचा प्रोजेक्टर गेला होता का?

प्रोजेक्टर ठणठणीत होता. हा प्रश्न दरवेळी पहिला येतो, त्यामुळे जरा सविस्तर.

छायाचित्रकार मासाओ नाकाबोरी यांनी हा चित्रपट बहुतांशी जागेवर मिळेल त्या उजेडात घेतला आहे. खोलीत उजेड येतो तो खिडकीतून, दारातून किंवा एखाद्या दिव्याचा. माणूस खिडकीसमोर बसला की त्याचा चेहरा काळा पडतो आणि कडा तेवढी उजळते. कुठलाही हिंदी किंवा मराठी सिनेमा अशा वेळी चेहऱ्यावर एक दिवा मारेल. इथे तो मारलेला नाही. १९९५ च्या व्हेनिस महोत्सवात याच कामाला छायाचित्रणाचा ओझेला पुरस्कार मिळाला.

आपल्याकडच्या लोकांना हे खरं तर परकं वाटू नये. जुन्या कौलारू घराचं माजघर आठवा. भर दुपारी बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत आल्यावर काही क्षण कोण बसलंय तेच कळत नाही. मग डोळे सरावतात, कोपऱ्यातला पाट दिसतो, बसलेली आजी दिसते. 'माबोरोशी' बघताना डोळ्यांना तेवढीच सवड द्यायची असते. पहिली दहा मिनिटं अंधार वाटतो, नंतर त्यात राखाडी, निळसर, हिरवट अशा छटा दिसू लागतात.

आणि हा उजेड गोष्टीबरोबर बदलतो. युमिको किती आत मिटलेली आहे हे तिच्या बोलण्यातून कळत नाही, ती खिडकीपासून किती लांब बसली आहे त्यावरून कळतं. दुसऱ्यांदा पाहणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की प्रत्येक नव्या दृश्यात आधी उजेड कुठून येतोय ते शोधा, माणूस नंतर.

४. मग घरी बघायचा तर कसा बघायचा? अंगणात पडदा लावला तर?

मोबाइलवर नको. टीव्हीवर पाहत असाल तर चित्राची 'व्हिव्हिड' सेटिंग बंद करा, कारण ती काळ्याचं निळं करून टाकते. हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद करा. खोलीतले दिवे मालवा, देवापुढची समई चालेल.

अंगणात लावायचा तर पूर्ण काळोख पडल्यावरच. रस्त्यावरच्या दिव्याचा झोत पडद्यावर येत असेल तर निम्मा चित्रपट दिसणारच नाही. कोजागिरीला ठेवूया, मसाला दूधही होईल, असं दरवर्षी कोणीतरी सुचवतं. चांदण्यात हा चित्रपट पांढराफटक दिसेल. त्या रात्री गाणी म्हणा. पावसात पत्र्याच्या शेडमध्येही ठेवू नका, सर आली की आवाज संपला. कौलांखाली निभावतं.

५. कॅमेरा एवढ्या लांब ठेवून काय साधलं? बाईचा चेहराच नीट दिसत नाही.

कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी स्थिर असतो आणि माणसं त्याच्यापुढून ये-जा करतात. जवळून घेतलेले चेहरे मोजके आहेत. प्रेक्षक अस्वस्थ होतात ते याच गोष्टीने, आणि माझ्या मते चित्रपटाचं सगळं मर्म इथेच आहे.

मूळ कथा तेरू मियामोतो यांची, १९७९ मध्ये पुस्तकात आलेली. त्या कथेत युमिको आपल्या मेलेल्या नवऱ्याशी बोलत असते, सगळी कथा म्हणजे त्याला उद्देशून चाललेलं तिचं मनोगत आहे. म्हणजे वाचकाला तिच्या मनातली प्रत्येक गोष्ट कळते. कोरेएदांनी चित्रपट करताना हा आवाजच जवळजवळ काढून टाकला. दुसऱ्या कोणी पार्श्वभूमीवर निवेदन घातलं असतं आणि सोबत एक व्हायोलिन. इथे आपण तिच्या शेजाऱ्यांच्या जागी असतो. गावात नवी आलेली बाई पायऱ्या पुसते, मुलांना हाका मारते, चुलीपाशी काम करते, आपल्याला ती लांबून दिसते आणि तिच्या पोटात काय चाललंय याचा अंदाज बांधावा लागतो. शोकात असलेल्या माणसाच्या बाबतीत आपण प्रत्यक्षातही याहून जवळ कुठे पोचतो?

पाहण्याची एक युक्ती सांगतो. ती बहुतेक वेळ गडद कपड्यांत असते. मोठ्या चौकटीत आधी तो काळा ठिपका शोधायचा आणि मग तो कुणीकडे सरकतोय ते बघायचं. देवळापुढच्या दशावतारात शेवटच्या रांगेत बसूनही संकासुर कुठल्या चालीने आला हे आपल्याला ओळखता येतं, तेव्हा ही नजर आपल्याकडे आहेच.

६. नटी कोण आहे? ती रडत का नाही?

माकिको एसुमी. त्या मॉडेल होत्या आणि हा त्यांचा पहिला चित्रपट. उंच, सरळ बांधा, त्यामुळे लांबूनही ओळखू येतात. रडण्याचं म्हणाल तर शेवटपर्यंत थांबा.

७. पिक्चर बघलंय, पण माका कायच कळूक नाय. आता?

बरंच झालं, म्हणजे काहीतरी कळल्यासारखं करून तुम्ही घरी गेला नाहीत. काय कळलं नाही ते आधी वेगळं करा. कोण कोणाचं ते कळलं नसेल तर प्रश्न १ वाचा. दिसलंच नसेल तर ३ आणि ४. नवऱ्याने असं का केलं ते कळलं नसेल, तर ते युमिकोलाही कळलेलं नाही, आणि त्याचं उत्तर ९ मध्ये आहे. कंटाळा आला असेल तर तोही खरा आहे. मधला अर्धा तास काही घडत नाही असं अनेकांना वाटतं. मुलं हिंडतात, कलिंगड खाल्लं जातं, ऋतू पुढे सरकतो. त्या अर्ध्या तासात एक घर तिला आपलं म्हणू लागतं, आणि तुम्हाला ते गाव ओळखीचं झालं नाही तर पुढचं लागत नाही.

८. सायकल, घंटा, छत्री हे सगळं प्रतीक आहे का? यूट्यूबवर एक जण म्हणत होता.

प्रत्येक वस्तूला अर्थ चिकटवत बसलात तर चित्रपट कोड्यासारखा होईल. वस्तू आहेत तशा बघा. इकुओची सायकल चोरीला जाते, म्हणून तो दुसरी चोरून आणतो आणि दोघं मिळून ती हिरवी रंगवतात. त्यांच्या संसारातला हा सगळ्यात आनंदी प्रसंग. सायकलच्या किल्लीला एक छोटी घंटा आहे. तो गेल्यावर ती घंटा युमिकोकडे राहते आणि शेकडो मैल दूर, दुसऱ्या नवऱ्याच्या घरी, पुन्हा वाजते. मेलेल्याचं घड्याळ किंवा चष्मा ज्यांच्या कपाटात आहे त्यांना यावर भाष्याची गरज नाही.

९. (शेवट उघड होतो) पण त्याने जीव का दिला? दिग्दर्शकाने लपवलं का?

लपवलेलं नाही. चित्रपटाकडे कारण नाहीच.

अखेरीस युमिको तामिओला हाच प्रश्न विचारते आणि तेव्हा ती फुटते. तामिओ जे सांगतो ते त्याच्या वडिलांकडून ऐकलेलं. ते समुद्रावर जायचे तेव्हा त्यांना कधी कधी लांब पाण्यावर एक सुंदर उजेड दिसायचा, बोलावणारा. असं कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं, एवढंच त्याचं म्हणणं. आपल्याकडे हे ऐकल्यावर प्रेक्षकांत चुळबुळ होते, कारण समुद्रावर रात्री दिसणाऱ्या दिव्यांच्या गोष्टी प्रत्येक कोळीवाड्यात आहेत. तरी हे भुताचं स्पष्टीकरण म्हणून घेऊ नका. तामिओला इकुओ माहीतही नव्हता. तो तिला कारण देत नाही, ज्याला कारण नाही अशा गोष्टीशेजारी उभं राहण्याची जागा देतो.

मधे एक म्हातारी मच्छीमार बाई येते, तोमेनो. वादळ येणार असताना ती कुर्ल्या धरायला होडी घेऊन जाते, सगळं घर काळजीत, आणि ती सुखरूप परत येते. नोव्हेंबर २००९ मधल्या फयान वादळाची रात्र ज्यांनी किनाऱ्यावर वाट बघत काढली आहे, ते या प्रसंगात खुर्चीच्या टोकाला येतात. समुद्रावर गेलेली म्हातारी परत येते आणि छत्री घेऊन गेलेला तरुण येत नाही. याला काय नियम लावणार?

कोरेएदा याआधी दूरचित्रवाणीसाठी माहितीपट करायचे. १९९१ मध्ये त्यांनी आत्महत्या केलेल्या एका सरकारी अधिकाऱ्यावर माहितीपट केला होता, त्यासाठी त्याच्या पत्नीशी ते बोलले होते. मागे राहिलेल्या बाईकडे एवढ्या संयमाने बघण्याचा सराव तिथला असावा असं मला वाटतं.

१०. (शेवट उघड होतो) समुद्राकाठची ती प्रेतयात्रा कोणाची? आणि बाईमाणूस चितेपर्यंत कशी गेली?

कोणाची ते चित्रपट सांगत नाही. युमिकोच्या नात्यातली नक्कीच नाही. ती घर सोडून निघालेली असते, वाटेत यात्रा दिसते आणि ती मागे मागे चालत राहते. समुद्र आणि आभाळ यांनी पडदा भरलेला, मधल्या पट्टीवरून मुंग्यांएवढी माणसं एका रांगेत चाललेली, आणि बऱ्याच अंतराने एकटी ती. हे दृश्य लांबतं, आणखी लांबतं. घाई करून पुढे ढकलू नका, सगळा चित्रपट इथवर येण्यासाठी केलेला आहे.

आपल्याकडे अनेक घरांत बायका अजूनही स्मशानात जात नाहीत, म्हणून हा प्रश्न येतो. तिला कुणी अडवत नाही, कुणी विचारत नाही. इकुओचा देह ओळखण्याच्या स्थितीत नव्हता, त्याला निरोप असा तिला देताच आला नाही. पिंड ठेवलाय, सगळे खोळंबलेत आणि कावळा शिवत नाही, ती कोंडी आपल्याला ठाऊक आहे. इथे कोंडी वर्षानुवर्षं चालली आहे आणि बहुधा म्हणूनच ती परक्या माणसाच्या चितेपर्यंत जाते.

११. दुसरा नवरा एवढा चांगला, तरी ही पहिल्यासाठी झुरते. तामिओवर हा अन्याय नाही का?

हा प्रश्न पुरुष विचारतात, आणि तोही चहाच्या वेळी, हळूच.

तामिओचीही पहिली बायको गेलेली आहे हे लक्षात घ्या. दोन माणसं आपापलं माणूस गमावून एका घरात आली आहेत. नव्याने जुन्याची जागा घेतली पाहिजे असा चित्रपटाचा आग्रह नाही. ती तामिओबरोबर हसते, त्याच्याजवळ येते, तो प्रसंगही आहे. सुख परत येतं आणि तरी ती ओसाकाला भावाच्या लग्नाला गेल्यावर जुनी गल्ली बघून पुन्हा कोसळते. बरं वाटायला लागलं की दुःख संपलं, हे गणित फक्त बाहेरचे लोक मांडतात.

आपल्याच किनाऱ्यावरचं उदाहरण सांगायचं तर दापोलीजवळच्या मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, तर गावाने त्यांना वाळीत टाकलं. विधवेचं लग्न व्हावं की नाही यावर आपण शंभर वर्षं वाद घातला. लग्नानंतर त्या बाईच्या मनात पहिल्याचं काय होतं, हे विचारायला आपल्याला फारशी फुरसत झाली नाही.

१२. आमच्या घरात अलीकडेच मृत्यू झाला आहे. आईला आणू का? आणि मुलांना?

वयोमानाने कोणी गेलं असेल तर आईला विचारा, ती ठरवेल. घरात किंवा वाडीत कुणी जीव दिला असेल किंवा समुद्रावरून परत आलं नसेल, तर इतक्यात नको. अशा वाडीत आम्ही स्वतःही तेव्हा हा चित्रपट ठेवत नाही. पडद्यावर प्रेत किंवा रक्त दिसत नाही, तरी बातमी घेऊन पोलीस येण्याचा प्रसंग ज्यांनी भोगला आहे त्यांच्यासाठी तो फार जड आहे. मुलं घाबरणार नाहीत, कंटाळतील.

कुणाला पाहून झाल्यावर किंवा एरवीही फार जड जात असेल, मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

१३. नुसती सुंदर चित्रं आहेत, असं काही जण म्हणतात. पटतं का?

अर्धं. गंमत म्हणजे हा आक्षेप घेणाऱ्यांत तैवानचे मोठे दिग्दर्शक हौ श्याओ-श्येन होते, ज्यांना कोरेएदा फार मानतात. त्यांचा मुद्दा असा की तंत्र उत्तम आहे, पण सगळ्या चौकटी तुम्ही आधीच कागदावर काढून ठेवल्या होत्या ना? नटांचं काम बघून कॅमेरा कुठे ठेवायचा ते का नाही ठरवलं? कोरेएदांनी हे मनावर घेतलं. पुढच्या चित्रपटांत, अगदी २०१८ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळवणाऱ्या 'शॉपलिफ्टर्स'मध्येही, माणसं किती मोकळी वावरतात ते बघा.

मलाही काही चौकटी जास्तच नेटक्या वाटतात, बोगद्यातून उजेडाकडे जाणारी मुलं ही त्यातली एक. पण हा नेटकेपणा युमिकोच्या गोष्टीला शोभतो. ती स्वतःच प्रत्येक गोष्ट जागच्या जागी धरून ठेवते आहे.

१४. ते गाव अजून आहे का? जाता येईल?

चित्रीकरण वाजिमा परिसरात झालं होतं. १ जानेवारी २०२४ रोजी नोतोला ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला आणि वाजिमाचा जुना बाजार आगीत गेला. किनाऱ्याची जमीनच काही ठिकाणी चार मीटरपर्यंत वर उचलली गेली, बंदरांतलं पाणी हटलं आणि होड्या कोरड्यावर राहिल्या. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या एकाला हे सांगितलं तर तो बराच वेळ काही बोललाच नाही. त्याच वर्षी जपानमध्ये वाजिमाच्या मदतीसाठी हा चित्रपट नव्याने साफ करून चित्रपटगृहांत पुन्हा लावला गेला. सध्या तरी पडद्यावरच जा.

१५. हा आवडला. यानंतर काय बघू?

'थ्री कलर्स: ब्लू' (१९९३). अपघातात नवरा आणि मुलगी गमावलेली बाई, आणि निळा रंग. तिथे कॅमेरा 'माबोरोशी'च्या अगदी उलट, चेहऱ्याला चिकटून. साखरेचा खडा कॉफी शोषून घेतो तेवढासुद्धा जवळून दिसतो. लागोपाठ बघितलेत तर प्रश्न ५ आपोआप सुटेल.

'अ सिंगल मॅन' (२००९) मध्ये सोबती गमावलेला प्राध्यापक आहे. एरवी फिकट असलेले रंग, त्याला कुठे काही सुंदर दिसलं की भरून येतात. युक्ती उघड आहे, तरी चालते. यातही जीव देण्याचा विचार आहे, प्रश्न १२ लागू. 'इन द मूड फॉर लव' (२०००) मध्ये मृत्यू नाही, हातून गेलेलं प्रेम आहे. त्यातली गाजलेली धून शिगेरू उमेबायाशी यांची, आणि 'अ सिंगल मॅन'साठीही त्यांनी काही संगीत दिलं आहे. कान ओळखतील.

१६. मधेच वीज गेली तर कुठून सुरू करायचं?

पावसाळ्यात हा प्रश्न सगळ्यात खरा. इन्व्हर्टर असला तरी प्रोजेक्टरचा दिवा गार होऊ द्या. पुन्हा सुरू करताना जिथे थांबलं तिथून नको, त्या दृश्याच्या सुरुवातीपासून, कारण डोळे पुन्हा काळोखाला सरावावे लागतात (प्रश्न ३). समुद्राकाठच्या प्रेतयात्रेच्या वेळी वीज गेली तर युमिको बसथांब्यावर बसलेली असते तिथवर मागे न्या. आणि वीज रात्री अकरानंतर आली तर त्या रात्री पुढे नको, उरलेलं दुसऱ्या दिवशी. बॅटऱ्या आणा, परतीच्या पाखाडीवर शेवाळ असतं.